हॅरल्डच्या हातचं पाणी

मी दुबईत सत्तर दिवस राहिले. जगातली सर्वांत उंच इमारत गाडीतून पाहिली, मान दुखली, तेवढं पुरे झालं. सोन्याच्या बाजारातून चालत गेले, काही घेतलं नाही. ह्या दोन गोष्टींसाठी कोणी वाचायला बसलं असेल तर त्यांनी उठावं. परत आल्यापासून वाडीतल्या बायका एकेक करून येतात आणि विचारतात, "काय बघितलंत?" सांगून सांगून माझा घसा बसला. म्हणून लिहून काढते. मी चौथीपर्यंत शिकलेली बाई आहे, त्यामुळे सजवून सांगणार नाही. मी तिथे एका म्हाताऱ्या इंग्रजाला त्याच्याच खेळाच्या मैदानात आत नेलं. नव्वदी ओलांडलेला माणूस, आणि त्याला आत जायला सत्तर वर्षं लागली होती.

सिलिकॉन ओएसिस

माझा मुलगा सुधीर तिथे कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे. सून मेघना दुसऱ्या कंपनीत माणसं नेमण्याच्या आणि काढण्याच्या खात्यात आहे. नात ईरा बारा वर्षांची. राहतात त्या जागेचं नाव सिलिकॉन ओएसिस. नाव भारी, आहे ती कॉलनी. ओळीनं इमारती, खाली दुकानं, मध्ये झाडं आणि प्रत्येक झाडाच्या बुंध्याशी पाण्याची नळी. नळी काढली तर झाड आठ दिवसांत वाळेल, असं सुधीर म्हणाला. आमच्याकडे झाड वाढू नये म्हणून कोयता घेऊन मागे लागावं लागतं.

गॅलरीत कपडे वाळत घातले तर दंड होतो, असं मेघनानं पहिल्याच दिवशी बजावलं. एवढं ऊन फुकट पडलेलं आणि कपडे यंत्रात वाळवायचे. मी दोनदा विचारून खात्री करून घेतली.

ईराशी बोलणं म्हणजे मी मराठीत विचारायचं आणि तिनं इंग्रजीत उत्तर द्यायचं. "जेवलीस का गं?" "आय ॲम नॉट हंग्री, आजी." पहिला आठवडा असाच गेला. दिवसभर घरात कोणी नाही. मग मी बाहेरच्या लांब बोळात फेऱ्या घालायला लागले. अकराव्या मजल्यावरचा गार, गुळगुळीत बोळ, दोन्ही बाजूंना बंद दारं. तिथेच हॅरल्ड भेटला. तोही काठी घेऊन फेऱ्या घालायचा. दोन्ही कान वळकटी केल्यासारखे, नाक डावीकडे वळलेलं, हातांची बोटं जिकडेतिकडे वाकलेली. खांदे मात्र अजून दाराएवढे.

"हा काय ट्रकखाली आला होता का?" मी मेघनाला विचारलं.

"आई, हळू बोला! ते रग्बी प्लेअर होते. खूप सीनियर."

रग्बी म्हणजे अंड्याच्या आकाराचा चेंडू काखेत घेऊन समोरच्यांच्या हद्दीत घुसायचं आणि तिथे तो जमिनीला टेकवायचा. समोरच्यांनी त्याला वाटेत पाडायचं. मी लग्नापर्यंत हुतूतू खेळलेली आहे, मला हे समजायला दोन मिनिटं लागली.

हॅरल्ड समोरच्याच घरात त्याच्या मुलीकडे राहत होता. मुलगी लिंडा, ईराच्या शाळेत खेळ शिकवणारी. पन्नाशीची, उंच, भराभर चालणारी. तिची नोकरी एप्रिलमध्ये संपत होती. मग दोघं इंग्लंडला परत जाणार आणि हॅरल्ड म्हाताऱ्यांच्या एका आश्रमात राहणार. हे त्याचं त्यानंच ठरवलं होतं.

रोज सकाळी तो मला म्हणायचा, "मॉर्निंग, मिसेस आजी." मी म्हणायची, "नमस्कार." एवढीच आमची भाषा.

मैदान

ईरा दर शनिवारी रग्बी खेळते. लिंडा तिला आणि आणखी तिघींना आपल्या गाडीतून एका क्लबाच्या मैदानावर नेते. एका शनिवारी मीही गेले. गाडीत पुढे हॅरल्ड बसलेला.

वाळवंटात एवढं हिरवं गवत पाहून मला आधी वाटलं चटई आहे. वाकून ओढून पाहिलं. खरं गवत होतं. मुली एकमेकींना धरून आपटत होत्या आणि उठून हसत होत्या. ईरालाही एका दांडग्या मुलीनं पाडलं. ती उठली, तोंडातली माती थुंकली आणि परत धावली. घरात पाण्याचा पेला उचलून न ठेवणारी ही मुलगी! मला बरं वाटलं.

मागे वळून पाहिलं तर हॅरल्ड नव्हता. तो फाटकाबाहेर गाडीतच बसला होता. हवा छान होती, फेब्रुवारीचा महिना, तरी काचा वर करून बसलेला. खेळ त्याला तिथून दिसत होता, थोडासाच, कुंपणाच्या जाळीतून.

"तो आत का येत नाही गं?"

"ही नेव्हर कम्स इन, आजी. ही जस्ट सिट्स देअर."

परत येताना लिंडानं तिच्या परीनं सांगितलं आणि ईरानं मला समजावलं. मार्चमध्ये क्लबाचा वार्षिक दिवस असतो. त्या दिवशी जुन्या खेळाडूंना मैदानात बोलावतात, नाव पुकारतात, लोक टाळ्या वाजवतात. मुलींच्या कोचनं हॅरल्डला छापील आमंत्रण दिलं होतं. हॅरल्डनं ते कचऱ्याच्या डब्यात टाकलं. आश्रमात जाण्याआधी बापानं एकदा, फक्त एकदा गवतावर पाय ठेवावा, एवढीच लिंडाची इच्छा. हे सांगताना ती गाडी चालवत होती आणि रडत होती, म्हणून मी ईराला सांगितलं, तिला म्हणावं पुढे बघ.

हॅरल्ड शेजारी बसून हे सगळं ऐकत होता. तो खिडकीबाहेर बघत राहिला.

नारायण तेल

मी ठरवलं, ह्याचे गुडघे गेलेत आणि चारचौघांत लंगडायची लाज वाटते. मी गावाहून नारायण तेलाची बाटली नेली होती. ती संध्याकाळी ईराबरोबर घेऊन गेले. कसं चोळायचं ते माझ्याच गुडघ्यावर दाखवलं. हॅरल्डनं झाकण उघडलं, वास घेतला आणि डोळे मिटले. मग जे बोलायला लागला ते तासभर.

माझं निदान साफ चुकलं होतं, पण तेल कामाला आलं. त्याच्या खेळाच्या दिवसांत सामन्याआधी सगळे जण अंगाला असंच उग्र वासाचं तेल चोळायचे. खोलीभर तो वास, तेरा उघडी अंगं आणि बाहेर पाऊस. ते त्याला आठवलं. आणि ईराला मराठी बोलायला लावायचा उपाय मला सापडला, कारण मी म्हटलं, "तो काय म्हणतो ते मराठीत सांग, नाहीतर मला काय कळणार?"

"आजी, तो म्हणतो, तो फिफ्टीन होता तेव्हा माइनमध्ये गेला. खाली. कोळसा."

"पंधरा वर्षांचा. म्हण पंधरा."

"पंधरा. आणि त्याचे डॅड पण खालीच होते."

तिची अडखळती मराठी मी इथे सरळ करून लिहिते. इंग्लंडच्या उत्तरेला हॅरल्डचं गाव, सगळं गाव कोळशाच्या खाणीवर जगणारं. लढाई संपून काही वर्षं झालेली. तिकडे रग्बीचे दोन प्रकार. एक पंधरा जणांचा, तो बिनपैशानं खेळायचा. दुसरा तेरा जणांचा, खाणीतल्या आणि गिरणीतल्या माणसांचा. खेळासाठी रजा घेतली की मजुरी बुडायची, म्हणून तेरावाले खेळाडूला पैसे द्यायचे. हॅरल्ड आधी पंधरांत खेळला. एकोणिसाव्या वर्षी तेरावाल्यांचा माणूस घरी आला आणि स्वयंपाकघरातल्या टेबलावर त्यानं सही केली. पहिल्या पैशांत आईसाठी कपडे धुवायचं यंत्र आणलं.

शनिवारी सकाळी खाणीतून वर यायचं, आंघोळ करायची, दुपारी खेळायचं. सोमवारी फुटलेल्या नाकानं पुन्हा खाली. असं चौदा वर्षं. हुतूतूत पकडला की मेला. त्यांच्यात तसं नाही. पाडला तरी तो उठतो, चेंडू पायाजवळ ठेवतो, टाचेनं मागच्या गड्याकडे सारतो आणि खेळ पुढे चालू. हॅरल्डनं खुर्चीतून उठून चपलेनं ते करून दाखवलं. दिवसात चाळीस वेळा पडायचा आणि चाळीस वेळा उठायचा. एकदा मोठ्या कपाच्या शेवटच्या सामन्यात हरले. दोन वर्षांनी जिंकले. तेव्हा उघड्या बसमधून गावात मिरवणूक निघाली आणि त्याच्या बापानं खाणीचा रस्ता सोडून बसमागे धाव घेतली. देशाच्या संघातून तो ऑस्ट्रेलियालाही खेळून आला. बोटं तिकडे मोडली, ह्याचा त्याला फार अभिमान.

"मग एवढं सगळं केलेला माणूस मैदानात यायला का घाबरतो? विचार त्याला."

"आजी, दॅट्स सो रूड!"

"विचार."

तिनं विचारलं. हॅरल्डनं तेलाच्या बाटलीचं झाकण लावलं. मग एकच वाक्य बोलला. ईरा माझ्याकडे वळून म्हणाली, "तो म्हणतो, आय ॲम नॉट अलाउड."

ज्यानं एकदा तेरावाल्यांचे पैसे घेतले त्याला पंधरावाले जन्मभरासाठी बाद करायचे. खेळायला बंदी, शिकवायला बंदी, पुष्कळ ठिकाणी क्लबात शिरायलाही बंदी. सही केल्यानंतर आठ दिवसांत पंधरावाल्यांचा एक माणूस हॅरल्डच्या घरी आला आणि दारात उभा राहून तसं सांगून गेला. पुढे धाकट्या भावाचं लग्न झालं. भाऊ पंधरांतच खेळायचा, त्यामुळे जेवण त्यांच्या क्लबात. दारावरच्या माणसानं हॅरल्डला अडवलं. नवा सूट घालून तो बाहेर उभा राहिला. भाऊ ताट घेऊन बाहेर आला. हॅरल्ड म्हणाला, मी रस्त्यावर जेवत नाही. चालत घरी गेला.

ईराचा क्लब पंधरांचा आहे.

वाळीत

लिंडाला हे ठाऊक होतं, पण तिच्या मते ते जुनं झालं. मेघना म्हणाली, "आई, तो रूल तीस वर्षांपूर्वीच गेला. मी गूगल केलं." सुधीर म्हणाला, "म्हाताऱ्या माणसाचा हेका आहे, दुसरं काही नाही."

मला तो हेका वाटला नाही. मला ती चाल माहीत होती. आमच्याकडे त्याला वाळीत टाकणं म्हणतात.

माझ्या लग्नाच्या दुसऱ्या वर्षी बांधाच्या भांडणात सासऱ्यांनी कोर्टात खरी साक्ष दिली. ती गावकाराच्या, म्हणजे गावकीच्या प्रमुखाच्या, भावाविरुद्ध गेली. गावकीची दोन माणसं अंगणात येऊन सांगून गेली, आजपासून तुम्ही गावाबाहेर. कोणाच्या लग्नाला बोलावणं नाही, आमच्याकडे मयत झालं तर खांद्याला माणूस नाही. शिमग्यात पालखी घरोघर येते, ती आमच्या अंगणाशी आली की ढोल बंद करून पुढे जायची. सहा वर्षं. आता ह्याविरुद्ध कायदा आहे, तेव्हा कायदा आमच्या वाडीपर्यंत पोचलेला नव्हता. मग निरोप आला, देवळात या, परत घेतो. सासरे गेले नाहीत. म्हणाले, "मला काढायला माझ्या अंगणात आलात, घ्यायलाही अंगणात या." सातव्या शिमग्याला पालखी आमच्याकडे आली. गावकारानं नारळ दिला, घरात येऊन पाटावर बसला आणि पाणी मागितलं. तांब्या माझ्या हातात होता. सासऱ्यांनी तो माझ्याकडून घेतला आणि स्वतः दिला. गावकार प्याला, मग त्याच्याबरोबरचे प्याले. खलास, असं दुबईत म्हणतात. मिटलं.

म्हणून मी घरात सांगितलं, क्लबाच्या माणसांनी हॅरल्डच्या घरी यायला हवं.

"आई, तू इकडे गावकी सुरू करू नकोस," सुधीर म्हणाला.

"मी त्यांना एक फॉर्मल अपॉलॉजी लेटर ड्राफ्ट करून देऊ का?" मेघना म्हणाली. "लेटरहेडवर. ते जास्त प्रोफेशनल दिसेल."

"कागद आलाच होता. डब्यात गेला."

पुढच्या शनिवारी मी मेघनाला मैदानावर घेऊन गेले. कोच गॅरेथ तिशीतला, वेल्सचा, लालबुंद चेहऱ्याचा आणि चांगल्या मनाचा. त्याच्याबरोबर क्लबाचे अध्यक्ष होते, सत्तरीचे, तुळतुळीत डोक्याचे इंग्रज. मी बोलले, मेघनानं इंग्रजीत सांगितलं. तिनं बरंच मऊ करून सांगितलं असणार, कारण तिचं बोलणं माझ्यापेक्षा दुप्पट लांब होत होतं.

गॅरेथ म्हणाला, "पण आजी, तो नियम मी शाळेत जायच्या आधीच रद्द झाला!"

"तुमच्यात रद्द झाला. त्याला कोणी येऊन सांगितलं का?"

गॅरेथनं अध्यक्षांकडे पाहिलं. अध्यक्ष म्हणाले, हे इंग्लंडात घडलं, हा दुबईचा क्लब, आम्ही त्याला बाद केलेलंच नाही, मग आम्ही कसे जाणार?

"ह्यांना सांग," मी मेघनाला म्हटलं, "आमच्या सासऱ्यांना ज्यांनी वाळीत टाकलं त्यातले दोघं सहा वर्षांत मेले. पाणी प्यायला त्यांचे मुलगे आले. चाललं."

मेघनानं ह्या वेळी मऊ केलं नाही. अध्यक्षांनी टक्कल चोळलं. मग विचारलं, येताना काय आणायचं?

"नारळ," मी म्हटलं. "तो मी बघते. तुम्ही कोट घालून या."

देरा आणि रास अल खोर

मला शेंडीवाला नारळ हवा होता. आमच्या खालच्या दुकानात नारळ होते, पण सगळे सोलून तुळतुळीत केलेले, वर प्लॅस्टिक गुंडाळलेलं. शेंडी नसलेला नारळ देवापुढेही ठेवत नाहीत आणि माणसापुढेही नाही.

मासळीसाठी सुधीर मला देऱ्याला, म्हणजे जुन्या दुबईत, घेऊन गेला. मासळीबाजार एवढा स्वच्छ की वास शोधावा लागतो. बांगडे बर्फावर ओळीनं लावलेले, सगळ्यांची तोंडं एकाच दिशेला. मासे साफ करणाऱ्या माणसाला मी मराठीत म्हटलं, "डोकं टाकू नकोस," आणि त्यानं सुरी थांबवली.

"कंचा गाव तुमचा, चाची?"

संगमेश्वर तालुका, म्हटल्यावर तो हसायलाच लागला. त्याचं नाव इक्बाल, दापोलीकडचा, वीस वर्षं देऱ्यात, एका खोलीत सहा जण. बांगडे साफ करता करता त्यानं गावाकडच्या पावसाची, आंब्याच्या मोहराची आणि माझ्या संधिवाताची चौकशी केली. मी नारळाचं विचारलं.

"शेंडीवाला? पूजा हाय काय?"

"नाही. एका इंग्रजाला परत गावात घ्यायचंय."

त्यानं सुधीरकडे पाहिलं. सुधीरनं खांदे उडवले. "रास अल खोरला जावा," इक्बाल म्हणाला. "तिकडं भाजीच्या होलसेल मार्केटात माझा मेव्हणा हाय. मी फोन लावतो. तुम्ही यल्ला, निघा."

रास अल खोरला नुसत्या वखारी आणि ट्रक. मेव्हण्यानं चार पोती उपसली आणि शेंडीवाले नारळ काढून दिले. एक पाच दिरहमला, म्हणजे जवळजवळ एकशेवीस रुपये. माझ्या घरामागे ते फुकट पडतात आणि कौलं फोडतात. मी एक हलवून, पाणी वाजतंय का ऐकून घेतला. मेव्हणा पैसे घेईना. "इंग्रज गावात आला की कळवा," म्हणाला.

शुक्रवार

लिंडाला मी दोनच गोष्टी बजावल्या होत्या. बापाला आधी सांगायचं नाही, आणि पाणी तू द्यायचं नाहीस. संध्याकाळी पाच वाजता अकराव्या मजल्यावर लिफ्ट उघडली आणि सहा जण बाहेर आले, सगळ्यांच्या अंगात क्लबाचे निळे कोट. गॅरेथच्या दोन्ही हातांत नारळ, तान्हं मूल धरल्यासारखा. बोळातली दोन-तीन दारं किलकिली झाली.

मी आणि ईरा आधीच आत बसलो होतो. दार हॅरल्डनं उघडलं. कोटांवरचं चिन्ह पाहिलं आणि त्याचा चेहरा दगड झाला. दार लावतो की काय असं वाटलं. लिंडा उठायला लागली, मी तिचा हात दाबून खाली बसवली.

अध्यक्ष बाहेरच उभे राहून बोलले. ईरा माझ्या कानात सांगत होती. "तो म्हणतो, तुम्हाला खूप आधी सांगायला यायला पाहिजे होतं. कोणी आलं नाही. आम्ही आलो. तुम्ही दिलंत तर तुमच्या घरी पाणी प्यायचंय."

हॅरल्डनं विचारलं, "मी काय खेळलो ते ठाऊक आहे का?"

"तेरांचा खेळ. चौदा वर्षं. दुसऱ्या फळीत."

"मोठ्यानं बोला."

अध्यक्षांनी बोळ घुमेल एवढ्या मोठ्यानं पुन्हा सांगितलं. आणखी एक दार उघडलं.

हॅरल्ड बाजूला झाला. सहाही जण आत येऊन सोफ्यावर, खुर्च्यांवर, दोघं जमिनीवर बसले. हॅरल्ड स्वयंपाकघरात गेला. काठी दाराला टेकवून ठेवली. एक पेला भरला, दोन्ही हातांनी धरून आणला. वाकड्या बोटांत पेला ठरेना, अर्धं पाणी गालिच्यावर. अध्यक्षांना दिला. परत गेला. ट्रे समोरच होता, तो त्यानं घेतला नाही. सहा माणसं, सहा खेपा. कोणी मदतीला उठलं नाही. मी सगळ्यांकडे बघतच होते, उठायची हिंमत झाली नसती. शेवटचा पेला गॅरेथला मिळाला, त्यात तीन घोट उरले होते. तो सगळ्यांत मोठ्यानं प्याला.

मग त्यानं नारळ पुढे केला. आता हॅरल्डला कोणी सांगितलं नव्हतं की नारळ ओंजळीत घेतात. त्यानं तो एका हातानं खेचला, काखेत दाबला, खांदा खाली घातला आणि दुसरा तळवा गॅरेथच्या छातीवर असा मारला की तो तरणाताठा गडी मागच्या खुर्चीत जाऊन पडला. सगळी खोली हसायला लागली. मी नाही. नारळ असा काखेत मारायची वस्तू नाही, हे मी बोलणार होते. पण नव्वदीच्या माणसाचा तो तळवा बघून गप्प बसले.

"आजी," ईरा ओरडली, "तो हसतोय! लुक, तो हसतोय!"

शनिवार

दुसऱ्याच दिवशी क्लबाचा वार्षिक दिवस होता. क्लबानं त्याच्यासाठी निळा कोट पाठवला होता. त्यानं घातला नाही. पांढरा सदरा आणि स्वतःच्या जुन्या संघाचा टाय घातला. अट एकच: नाव पुकारताना 'तेरा' हा शब्द यायला हवा.

फाटकाशी गाडी थांबली. हॅरल्ड उतरला आणि पहारेकऱ्यानं हात आडवा केला. बिचारा आपलं काम करत होता, त्याला यादीत नाव बघायचं होतं. पण हॅरल्ड जागच्या जागी थिजला. लिंडा गाडीतून उतरायला लागली. हॅरल्डनं आपलं पूर्ण नाव सांगितलं, एकेक अक्षर सुटं करून. पहारेकऱ्याचं बोट यादीवरून खाली गेलं, पार तळाशी, मग परत वर आलं.

"सर, तुम्ही पहिले आहात," तो म्हणाला. "सगळ्यांच्या वर."

गवताच्या कडेला हॅरल्डनं काठी लिंडाच्या हातात दिली. भोंग्यावरून गॅरेथ वाचायला लागला. खाणीतला मुलगा, तेरा जणांचा खेळ, चौदा वर्षं, जिंकलेला कप, ऑस्ट्रेलिया. ईराच्या संघातल्या मुली दोन रांगा करून उभ्या होत्या, मधून हॅरल्ड चालला. मैदानाच्या मध्यावर त्याच्या हातात चेंडू दिला आणि लोकांकडे हात हलवायला सांगितलं. त्यानं हात हलवला नाही. सावकाश वाकला, चेंडू पायाजवळ ठेवला, सरळ झाला आणि टाचेनं मागे सारला. ईराच्या पायाशी तो येऊन थांबला. पंधरांच्या मैदानावर तेरांची रीत. दोन क्षण कोणाला कळलं नाही. मग अध्यक्षच आधी उठले आणि त्यांच्यामागे सगळं मैदान उभं राहिलं. मी शिट्टी वाजवली. मला दोन बोटांची येते. सुधीर म्हणाला, "आई!" मी आणखी एक वाजवली.

खेळ संपल्यावर सगळे क्लबाच्या इमारतीत जेवायला गेले. मोठी खोली, भिंतीवर संघांचे फोटो, लांब टेबलं. दार उघडंच होतं, पण अध्यक्ष ते धरून उभे राहिले, हॅरल्ड आत जाईपर्यंत. त्याला मधोमध बसवलं. भाजलेलं मांस, बटाटे, बियरचा पेला. मी बटाटे आणि लिंबू सोडा घेतला. बटाट्यांना मीठ कमी होतं.

हॅरल्ड जेवला. मी त्याच्या समोर बसून पाहिलं, पहिल्या घासापासून शेवटच्या घासापर्यंत, हळू, एकही तुकडा न टाकता. माणसं येत होती, हात मिळवत होती, तो जेवता जेवता मान हलवत होता. हळूहळू खोली रिकामी झाली. पोरी टेबलांखाली झोपायला आल्या. लिंडा म्हणाली, "डॅड, निघू या." तो बसला. थोड्या वेळानं ती पुन्हा म्हणाली. तो बसला. तिसऱ्यांदा म्हणाली तेव्हा त्यानं रिकामं ताट तिच्याकडे सरकवलं आणि काहीतरी बोलला. लिंडा ताट उचलून वाढून आणायला गेली.

"काय म्हणाला गं?" मी ईराला विचारलं.

ईरानं ह्या वेळी सगळं मराठीत सांगितलं.

"तो म्हणाला, सत्तर वर्षं बाहेर उभा होतो. आता घाई कसली?"